आधी कोरी काच

आमच्या लॅबमध्ये धूळ साचू देत नाहीत, म्हणून किस्से साचतात! सिल्वासाजवळच्या सायली गावात एका शेडमध्ये ही लॅब आहे. काचेच्या तुकड्यावर धातूचा थर दिलेला असतो, इतका पातळ की त्याच्यापुढे केस म्हणजे ओंडका. त्या थरात चुंबकत्व किती, ते आम्ही मोजतो. सोनवणे मॅडम प्रमुख, मूळच्या धुळ्याच्या. आम्ही चौघं त्यांच्या हाताखाली.

रोज सकाळी मॅडम आधी कोरी काच मोजायला लावतात. गुजराती प्लांटहेड साहेब एकदा वैतागून म्हणाले, "मॅडम, खाली काच शुं काम मापो छो? तिच्यावर तर काहीच नाही."

"खरंच काही नाही ना, तेच बघते."

साहेब पुन्हा लॅबमध्ये आले नाहीत.

पहिल्याच आठवड्यात मी काच स्टीलच्या चिमट्याने उचलली. रीडिंग भलतंच आलं. स्टील नुसतं घासलं तरी लोखंडाचा कण काचेला लागतो, आणि आमच्या मशीनला तेवढा पुरतो. मॅडमनी मला प्लास्टिकचा चिमटा दिला आणि स्टीलचा जप्त केला. तो आता त्यांच्या टोकरखाड्याच्या घरी पापड भाजतो.

दसऱ्याला कामगार मशीनवर गेरूने स्वस्तिक काढायला आले. मॅडम दारातच आडव्या आल्या. "गेरूत लोखंड असतं. दारावर काढा."

"मॅडम, देव नाराज होईल."

"देवाला समजावता येतं. मशीनला नाही."

स्वस्तिक दारावर निघालं. पेढे मात्र आम्ही आत नेले.

मग शेजारच्या शेडचा फोर्कलिफ्ट. ते लोखंडी धूड जवळून गेलं की आमचं रीडिंग नाचायचं. एक दिवस मॅडम खुर्ची घेऊन रस्त्यातच बसल्या.

ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, हटिए, दो टन माल है."

"मेरा माल तो दिखता भी नहीं. पहले वो जाएगा."

त्याने इंजिन बंद केलं. आमचं रीडिंग झाल्यावर मॅडमनी खुर्ची उचलली, आणि त्याला चहा पाजला.

खरी लढाई हेड ऑफिसशी झाली. एकाच फिल्मचं, म्हणजे थराचं, चुंबकत्व मुंबईच्या लॅबने भरपूर दाखवलं, आमच्याकडे जवळजवळ शून्य. फोन आला: मुंबईचा आकडा मान्य करून सही करा, नाहीतर सिल्वासाची लॅब बंद. आम्हा चौघांची तोंडं उतरली. घरं इथे, मुलांच्या शाळा इथे. मी हळूच म्हणालो, "मॅडम, एक सही तर आहे."

"मी सही नही करत, जा." त्या चिडल्या की धुळं बाहेर येतं. मला माझीच लाज वाटली.

आठवड्याने मुंबईचे एक्स्पर्ट आले. लॅब बंद करायचं पत्र बॅगेत तयार होतं. त्यांनी मखमली डबीतून स्वतःचा चिमटा काढला. परदेशी, चकचकीत, स्टीलचा. "मुंबईत मी यानेच काम करतो," ते म्हणाले.

आम्ही चौघांनी मॅडमकडे पाहिलं.

"करा ना साहेब. फक्त आमच्याकडे आधी कोरी काच मोजतात. तुमच्याच हाताने ठेवा."

त्यांनी हसत आपल्या चिमट्याने ठेवली. मशीनने वेळ घेतला. मग स्क्रीनवर आकडा आला. कोऱ्या काचेवर, जवळजवळ मुंबईचाच!

एक्स्पर्ट साहेबांनी तो दोनदा वाचला. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. मग बॅगेतून डोकावणारं पत्र हळूच आत सरकवलं.

मॅडमनी त्यांच्या हातातला चिमटा अलगद काढून घेतला, उजेडात धरून पाहिला.

"साहेब, पापड खाता का तुम्ही?"