यादीतला वरचा नंबर

वडीगोद्रीला आमच्याकडे पार्सल आणणाऱ्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तो डबा आधी कानाशी हलवायचा. आतले फासे वाजले की हसायचा. डब्यातला, सोंगं घेऊन खेळायचा गोष्टींचा खेळ मीच बनवलेला. ऑनलाइन दुकानाच्या यादीत वर चढावा म्हणून त्याचे डबे मीच मागवत होतो. यादीतला वरचा नंबर पाहून, खेळाची चित्रं काढणारा माझा मित्र नोकरी सोडायला निघाला, तरी मी त्याला खरं सांगितलं नाही.

सातव्या डब्याला पार्सलवाला म्हणाला, "सर, खेळ लई खपून राह्यलाय, पण खेळताना कुणी दिसत न्हाई. मला तरी शिकवा!"

त्याला ओसरीत बसवलं, डबा फोडला आणि मित्राला फोन लावला. "नोकरी सोडू नको. ते सगळे डबे मीच घेतलेत."

मित्रानं विचारलं, "मंग खरंच कुणी खेळलं का रे?"

हेल्मेट काढून पार्सलवाला फासे टाकत होता.

"एक जण," मी म्हणालो. "आत्ताच बसलाय."