कौल डॉक्टरीणबाईंना

"सर, यांचं वाचवता येईल," डॉ. सायली माझ्याच ओपीडीत, माझ्याच पेशंटसमोर म्हणाली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पेशंट म्हणजे आमच्या बंदरावरचे तांडेल, मच्छीमार होडीचे कप्तान. लिंगाच्या टोकाला जखम. लाजेपोटी अख्खा उन्हाळा अंगावर काढलेला. बायोप्सीत कॅन्सर निघाला. त्यांचा हर्निया मी केलेला, त्यांच्या वडलांचाही. मी पार्शल ठरवलं होतं, म्हणजे भरपूर निरोगी भागासकट लिंग अर्धं कापायचं. आम्हाला तेच शिकवलं होतं.

तांडेलांचा जीव होडीत अडकलेला. होडीवर कसला आलाय आडोसा! "खलाशांदेखत बसून मुतायचा कसा ओ, डॉक्टर?"

सायली मुंबईहून युरोलॉजी शिकून माझ्या हॉस्पिटलात नुकतीच बसायला लागलेली. तिने समजावलं. गाठ वरवरची आहे, जांघेत हाताला गाठी लागत नाहीत. फक्त टोक काढू, थोडी निरोगी कड घेऊ, वर मांडीची कातडी लावू. ह्याला ग्राफ्ट म्हणतात. तिथेच परत उगवायचा धोका थोडा जास्त, म्हणून तपासणी चुकवायची नाही. सगळं खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं.

तांडेलांना ठरवेना. मी म्हटलं, देवीला कौल लावा. आमच्याकडे गुरव मूर्तीच्या दोन्ही बाजूंना कळे, म्हणजे फुलांच्या कळ्या, चिकटवतो, उजवा आधी पडला की होकार. बाईमाणसासमोर लाजणारा गडी, कौल माझ्याच नावाने लावणार ही खात्री.

उजवा कळा सायलीच्या नावाने पडला.

ऑपरेशनला मी असिस्ट केलं. मेलीचा हात काय हलका! तुकडा तपासायला कोल्हापूरला गेला. कडेला कॅन्सर निघाला तर केस माझ्याकडे येईल, असं मनात आलं. लाज वाटली, पण विचार हटेना. रिपोर्ट आला, कडा साफ.

नारळी पौर्णिमेनंतर तांडेल मासळी घेऊन आले. सायलीला सुरमई, मला बांगडे. उभ्याने जमतं का, मी विचारलं.

"जमता तर! वाऱ्याकडे पाठ करून," ते हसले.

मला राहवेना. देवीने मला का नाकारलं, विचारलंच.

"तुमच्या नावाचा कौल लावलाच नाय," तांडेल शांतपणे म्हणाले. "कापायला देवीला कशाला इचारायचा? राखायचा होता, म्हणून इचारला."

बांगडे ताजे होते, घशाखाली उतरले नाहीत इतकंच. तेव्हा सांगतो, अशी जखम दिसली तर लाजत बसू नका, लवकर या. आणि आलात की उजवीकडच्या केबिनमध्ये जा. डावीकडची माझी.