मागून चालणारे आबा

फोन आला तेव्हा मी पाचवीच्या वर्गात भागाकार शिकवत होते. धाकट्या भावाचा, भगवानचा आवाज. "आक्का, आबा गेले… रानातच." मी फोन ठेवला, फळ्याकडं वळले आणि अर्धवट राहिलेलं गणित पूर्ण केलं. उत्तर बरोबर आलं. मग हातातला खडू तसाच घेऊन शाळेच्या फाटकापर्यंत चालत गेले, परत आले, पुन्हा गेले. याला पाच आठवडे झाले. अजून एका जागी बसवत नाही.

आबा म्हणजे माझे वडील. परभणी जिल्ह्यात, चारठाण्याच्या अंगाला आमचं गाव. थोडी कोरडवाहू जमीन आणि मेंढ्या. दिवाळी झाली की ते कळप पुढं घालून, आपण मागून राखत निघत, ते उन्हाळा सरतानाच परतत. माझं लहानपण त्यांची पाठमोरी आकृती बघण्यात गेलं. म्हणून दोन वर्षांपूर्वी नवऱ्यानं आणि माझ्या लेकीनं, ऋतुजानं, रतनगडावरून हरिश्चंद्रगडापर्यंत तीन दिवस डोंगरातून चालत जायचं ठरवलं तेव्हा मीच हट्ट धरला… आबांनाही न्यायचं. एकदा तरी मला त्यांच्याबरोबर चालायचं होतं.

ते आले. धोतर, पटका, पायात जाड वहाणा. पहिल्याच चढावर थांबून म्हणाले, "बाई, आपण कुठं जायलाव?"

"गडावर."

"तिथं चारा हाय?"

"नाही."

"मग कशाला जायलाव?"

ऋतुजा खळखळून हसली. दोन दिवस त्यांच्या जिवाला चैन नव्हती. आम्ही फोटोसाठी थांबलो की ते पन्नास पावलं पुढं जाऊन परत येत. आम्ही जेवायला बसलो की ते उभ्यानंच भाकर खात.

दुसरा मुक्काम डोंगरातल्या एका वाडीत होता. तिसऱ्या दिवशी उजाडलं तर आबांचं अंथरूण रिकामं! धुकं असं, की समोरचं झाड दिसेना, आणि वाडीच्या एका अंगाला खोल दरी. आमच्याबरोबरचा वाटाड्या एकीकडं गेला, नवरा दुसरीकडं. मी नुसती हाका मारत फिरत होते. तास-दीड तासानं सापडले. खालच्या एका गोठ्यापाशी, कुणाच्या तरी शेळीचा पाय मांडीवर घेऊन खुरातला काटा काढत होते. "लंगडायलती बिचारी," एवढंच म्हणाले.

आणि मी सगळ्यांसमोर, त्या शेळीच्या मालकिणीसमोर ओरडले, "तुमाला आणायलाच नको होतं, आबा! तिकडंच ऱ्हायचं होतं मेंढ्यांत!"

त्यांनी शेळीचा पाय हळूच खाली ठेवला.

आधीचे दोन दिवस पुढं धावणारा हा माणूस त्या दिवशी सगळ्यांच्या मागून चालला. चढावरही, उतारावरही. मी किती वेळा वळून बघितलं, त्यांनी नजर दिली नाही. उतारावर ऋतुजाचा पाय मुरगळला. मी आणि नवरा बरेच पुढं गेलो होतो. परत येईपर्यंत आबांनी आपला पटका सोडून तिच्या घोट्याला बांधला होता आणि तिला उभंही केलं होतं. परभणीला आमच्या घरी परतलो, आबा गावाकडं गेले. येणं-जाणं, बोलणं, सगळं पूर्वीसारखं सुरू राहिलं, पण त्या सकाळचा विषय ना त्यांनी काढला, ना मी. दोन वर्षं होती माझ्या हातात. एक शब्द… नाही निघाला.

तेरावं झाल्यावर मायला विचारलं, "गडावरचं काही बोलले होते का गं आबा?"

"बोलले की. म्हनले, मी घावंना तवा पोरगी लय भ्याली व्हती. आपल्यापायी कुनी एवढं भ्येतं, हे मला ठावंच नव्हतं."

"मग दिवसभर मागं का राहिले? रुसले होते ना?"

मायनं तांदूळ निवडता निवडता हात थांबवला. "रुसले असतील बी. मानूस हाय, रुसतो. पर रुसला म्हून राखण सोडतो व्हय?"

आमच्या घरी आले की आबांना पंख्याखाली झोप येत नसे. ते गॅलरीत घोंगडं अंथरत. ते अजून तिथंच आहे. लोकरीचा वास, आणि कुठं कुठं अडकलेलं कुसळ. धुवायला म्हणून दोनदा उचललं… आणि दोन्ही वेळा पुन्हा तिथंच अंथरलं.