पुसलेला माऊस

शेठच्या भाच्यानं माऊस पुसला. गिऱ्हाइकासमोर. फडक्यावर स्पिरिट ओतून. बटणं, तळ, वायरसुद्धा.

त्याआधी पाच मिनिटं माझा हात त्यावर होता.

सोलापुरातलं रेडियमचं दुकान. ट्रकवरची नावं, नंबरप्लेटा, देवांची चित्रं. भाचा कॉम्प्युटरवर अक्षरं मांडायचा, मशीन ती चिकटकागदावर पात्यानं कापायचं आणि मी चिमट्यानं नको तो भाग सोलायचे. चार वर्षं सोललं. जेवणाच्या सुट्टीत रोलांच्या आडोशाला मोबाइलवर व्हेक्टर चित्रांचे धडे बघायचे. शिकवणारा हिंदीत सांगायचा: हा बिंदू, ही त्याची दांडी, दांडी ओढली की रेघ वळते. माझ्याकडं कॉम्प्युटर कुठला? टाकाऊ कागदाच्या पाठीवर पेनानं बिंदू आणि दांड्या गिरवायचे.

त्या दुपारी भाचा चहाला गेला होता. मी खुर्चीवर बसले आणि मोराची मान काढली. तीन बिंदूंत. मान खरंच वळली. तेवढ्यात तो आला.

"ऊठ! तुमच्या वस्तीतल्यांना खुर्ची दिसली की बसायचंच असतं काय?"

शेठ हसले. "बसू दे की रे. उद्या तू तिच्या हाताखाली!" गिऱ्हाईकही हसलं. मग स्पिरिट.

मी काय केलं? चिमटा उचलला आणि सोलायला बसले. त्याचा राग मला आजही स्वतःवर आहे.

आठवड्यानं टेंभुर्णीचे एक ट्रान्सपोर्टवाले आले. नवा ट्रक बाहेर उभा. भाच्यानं नाव मांडलं. मी मागून पाहिलं. मराठी अक्षरांच्या शिरोरेघा एकमेकींवर चढतात. कापण्याआधी अख्खा शब्द एकसंध करावा लागतो, नाहीतर पातं प्रत्येक सांध्यावर चिरतं. हे धड्यात होतं. त्याच्याही आधी माझ्या बोटांना माहीत होतं, कारण भाच्याची ही चूक मीच तुकडे जोडून झाकत होते.

त्या दिवशी झाकली नाही. कापू दिलं. सोलायला घेतलं तर नाव तुकड्यातुकड्यांनी हातात आलं.

ट्रान्सपोर्टवाले भडकले. "हे काय ओ शेठ? माझ्या बापाचं नाव हाय ते!"

शेठ माझ्यावर खेकसले, "ए, जोड की पटकन!"

"जोडणार न्हाय. खुर्चीवर बसून नवं करून देते. पण माऊस ह्यानं माझ्या हातात द्यायचा. हितं, सगळ्यांसमोर."

सौदा मला कळतो. घाई त्यांना होती, मला नव्हती. वाटलं, झुकतील.

शेठ म्हणाले, "गिऱ्हाईक गेलं तरी चालंल. तुला सोलायला ठेवलीय. सोल."

ट्रक निघून गेला. तेव्हा कळलं. मला काम येतं की नाही, हा प्रश्नच नव्हता. त्यांना नुकसान परवडत होतं. माझा हात परवडत नव्हता.

चिमटा टेबलावर ठेवला आणि पायरी उतरले.

आज माझं स्वतःचं मशीन आहे. अक्षरं तुटली की भाचा फाइल घेऊन माझ्याकडं येतो. मला ताई म्हणतो. परवा उभ्या उभ्या म्हणाला, "ताई, अजून राग हाय व्हय?"

"हाय."

त्याचं काम मी चोख करते. खुर्ची देत नाही. त्या दिवशी माऊस का पुसला, हे त्यानं माझ्या दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, स्वतःच्या तोंडानं सांगायचं. तोवर उभं राहायचं.