गणपतरावांचे दोन फोटो

"हाऊ कोन शे?" हा कोण, असं तिच्या अहिराणीत विचारत सोनाईने फोटो टेबलावर पालथा ठेवला.

मी चक्रावलो. फोटो तिच्या नवऱ्याचाच होता, आणि अगदी खरा होता.

एकोणीसशे तीसनंतरची गोष्ट. नाशकात माझा स्टुडिओ नवा होता. वर्षभरापूर्वी सोनाई नामपूरहून मुलाला, भिकाला, घेऊन आली होती. गणपतराव वारले तेव्हा घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. "भाऊ, त्यांचा चेहरा आठवंना झालाय," ती म्हणाली. "भाकर थापताना येतो, अन् लगेच जातो. कायतरी करा."

अशी कामं आम्ही करत असू. भिकाला बापाचा कोट आणि पगडी चढवून खुर्चीवर बसवलं. मग रिटचिंग, म्हणजे काचेच्या निगेटिव्हवर हातकाम. तिच्यावर पेन्सिल फिरवली की छापताना तिथे पांढरं उमटतं. तशा मिशा पिकवल्या. चाकूच्या टोकाने खरवडलं की काळी रेघ येते. तशा सुरकुत्या पाडल्या. आम्ही तांबट, भांडी ठोकणारे. घराण्यात पहिला बी.एस्सी. मी. शिक्षण असं कामी आल्यावर छाती फुगणारच.

सोनाईने तो फोटो पाहिला आणि पटकन पदर सारखा केला. नवरा समोर आल्यावर करतात तसा.

"साहेब, आता मला बघूनही पदर घेते ती," भिका पुढे एकदा कुरकुरला होता.

हाच भिका मनमाडला रेल्वेत लागला. तिथे त्याला बापाच्या रेल्वे गँगचा, म्हणजे रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीचा, जुना ग्रुप फोटो मिळाला. मागच्या रांगेत गणपतराव, चेहरा नखाएवढा. मी त्याची कॉपी घेऊन एन्लार्जमेंट केली. पेन्सिल नाही, चाकू नाही. तोच फोटो आज सोनाईपुढे ठेवला होता.

"आई, नीट बघ. आबाच आहेत," भिका म्हणाला.

"ह्यांचं नाक असं नव्हतं."

"मावशी, कॅमेरा नाक बनवत नाही," मी जरा ताठ्यातच म्हणालो.

"तुमच्या कॅमेऱ्यानं एकदा पाहिलं, भाऊ. मी तीस वर्षं पाहिलं."

तिने फोटो पुन्हा उचलला, उजेडाकडे धरला. आवाज खाली आला. "हे ते असतील, तर मी वर्षभर रोज हात कुनाला जोडले?"



"चूक माझी, मावशी," मी म्हणालो. "फोटो फार मोठा केला. चेहरा बिघडला."

सोनाईचा जीव भांड्यात पडला. उलट तीच माझी समजूत घालू लागली, "होतं असं. शिकलेल्या मानसाचंबी चुकतं."

खरा फोटो भिकाने मनमाडच्या क्वार्टरमध्ये लावला. नामपूरच्या भिंतीवर भिकाच राहिला, पिकल्या मिशांचा.

माझ्या पाटीवर 'हुबेहूब फोटो, पूर्ण हमी' असं लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी रंगारी बोलावला आणि 'पूर्ण हमी' तेवढी पुसून घेतली.