लाल गालांचं बाळ

विजूमावशी मूळची सोलापूरची. नर्सिंग शिकली, लग्न झालं आणि नवऱ्याच्या बदलीबरोबर १९५८ साली जयपूरला आली. सोलापुरात थंडी म्हणजे पहाटेपुरती शाल. जयपूरच्या पहिल्याच जानेवारीत अंगणातलं गवत पांढरं दिसलं तेव्हा तिला वाटलं, कुणाची मिठाची पिशवी फुटली. शेजारीण म्हणाली, "पाला पड़ा है." पाला म्हणजे झाडाचा, एवढंच मावशीला ठाऊक. ती आणखीच गोंधळली.

हळूहळू तिला कळत गेलं, की हिंदीतला पाला म्हणजे गोठलेलं दव. आकाश निरभ्र असलं की जमीन दिवसभराची ऊब भराभर सोडून देते. हवेतला पारा दोन-तीन अंशांवर असला तरी गवतावर दहिवर गोठतं. उलट ढग आले की जयपूरवाले खूश, आज थंडी कमी!

मावशी एका प्रसूतिगृहात होती. बाळंतिणी घरी गेल्या की दहाव्या दिवशी जाऊन बघून यायचं, हे तिचं काम.

१९६४च्या डिसेंबरात थंडीनं कहर केला. अशाच एका सकाळी ती छावणीजवळ प्रतिमा नावाच्या मुलीकडे गेली. प्रतिमा कोल्हापूरकडची, वीस वर्षांची. नवरा हणमंत फौजेत, लडाखला. बाळंतपणाला आई, पार्वतीबाई, आलेल्या. दाराशी ठेवलेल्या बादलीत बर्फाचा पापुद्रा होता.

पार्वतीबाई हसतच म्हणाल्या, "या सिस्टर. बाळ लई गुणाचं बघा. कालपास्नं रडलंच न्हाई. आन् गाल बघा, कसे सफरचंदावानी!"

गाल खरंच लालबुंद होते. मावशी कौतुकानं वाकली आणि सवयीनं दुपट्यात हात घालून पोटाला लावला. पोट गार होतं. पावलं सुजल्यासारखी, घट्ट. थर्मामीटर लावला, तर पारा पहिल्या रेघेपर्यंतही चढेना.

"दूध कधी प्यायलं?"

"कालपासून नीट ओढतच नाही," प्रतिमा म्हणाली. "मला वाटलं, झोपाळू आहे."

गारठलेलं तान्हं बाळ कधीकधी असंच गुलाबी, शांत दिसतं आणि घरचे फसतात, हे तिनं शिकताना ऐकलं होतं. पाहिलं पहिल्यांदाच. शेजारच्या जवानाला तिनं सायकलवरून डॉक्टरांकडे पिटाळलं. मग कोपऱ्यातली कोळशाची शेगडी उचलून बाहेर ठेवली आणि खिडकी थोडी उघडली.

पार्वतीबाई चिडल्या. "अवं, लेकरू गार पडलंय म्हणता आन् इस्तव भाईर काढता?"

"बंद खोलीत कोळशाचा धूर विषारी असतो, पार्वतीबाई. आणि भसकन शेक दिला तरी धोका. प्रतिमा, चोळी काढ. बाळाला उघडं करून छातीशी धर."

बाळाच्या डोक्याला लोकरी टोपी घालून मावशीनं दोघांवर दोन रजया टाकल्या.

"एवढ्यानं होईल?" प्रतिमानं विचारलं. मग स्वतःच म्हणाली, "यांनी लडाखहून लिहिलं होतं, वादळात बर्फातच बीळ खणून बसले होते. आत वारा नाही, आपल्याच अंगाची ऊब कोंडून राहते. बाहेरच्यापेक्षा खूप बरं, म्हणे."

"तेच. तुझं अंग हीच शेगडी. फक्त हळूहळू ऊब देणारी."

तास गेला, काही फरक नाही. पार्वतीबाई भिंतीला टेकून डोळे पुसत होत्या. मावशी दर थोड्या वेळानं रजईत हात घालून पोट चाचपत होती. दुसऱ्या तासाला तिला वाटलं, गारवा कमी झाला. पण आपलाच हात गरम झाला असेल, अशीही शंका आली. जीपमधून डॉक्टर आले, तपासलं, म्हणाले, "असंच चालू ठेवा. आता हलवू नका." आणि तेही तिथेच बसून राहिले.

दुपारी बाराच्या सुमारास पावलं सैल पडली. बाळानं तोंड वेडंवाकडं केलं आणि असं काही भोकाड पसरलं की पार्वतीबाई दचकल्या.

"रडतंय!" प्रतिमा ओरडली. "सिस्टर, रडतंय!"

"रडू दे, पोट भरून रडू दे," मावशी म्हणाली आणि पाटावर बसली. पार्वतीबाईंनी चहा केला. साखर घालायला विसरल्या, तरी मावशी दोन कप प्यायली. डॉक्टरांनी बाळाला इस्पितळात नेलं आणि तीन दिवसांनी घरी सोडलं.

महिन्यानं मावशीनं वजन केलं, तर काटा चांगलाच पुढे सरकला होता. त्यानंतर निवृत्तीपर्यंत ती कुठल्याही घरी गेली की आधी हात चोळून गरम करायची आणि बाळाच्या पोटाला लावायची. गालांकडे नंतर बघायची.