हैय्या न म्हणता चढवलेला गिअरबॉक्स

केज तालुक्यातल्या निम्म्या काळीपिवळ्या जीपा विलासच्या हाताखालून गेल्या होत्या. माणूस तसा बोलघेवडा. हात इंजिनात आणि तोंड गावभर. पण काळीपिवळ्यांचे दिवस आता भरत आले होते आणि नव्या गाड्या बिनक्लचच्या, ऑटोमॅटिक येत होत्या. बिघडल्या की त्या विलासच्या दारावरून सरळ बीडला जायच्या. असंच चाललं तर एक दिवस गॅरेजला कुलूप लागेल, ही भीती त्याला मनापासून वाटायची. लोकांना मात्र तो हसताना दिसायचा.

म्हणूनच लिंबागणेशचे धोंडीरामतात्या आपला चारही चाकं ओढणारा फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप टोचन लावून घेऊन आले, तेव्हा विलासनं पुढचामागचा विचार केला नाही. तात्यांनी केजच्या शिवारात चिखलात रुतलेली उसाची ट्रॉली त्या गाडीनं ओढली होती आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा जीव घेतला होता.

"जमंल का तुला, का नेऊ बीडला?" तात्यांनी विचारलं.

"तात्या, गिअरबॉक्सच हाय, पोरीचं स्थळ न्हाई. जमंल."

उतरवणं सोपं गेलं. पुढचा-मागचा शाफ्ट, तेलाच्या नळ्या, वायरी सगळं सुटलं आणि मेलेला बॉक्स खाली आला. पुण्याहून जुन्या बाजारातला दुसरा मागवला.

आता विलासच्या गॅरेजची एक रीत होती. जड बॉक्स चढवायचा असला, की शेजारच्या हनुमानच्या टपरीवरची माणसं अर्धा चहा टाकून गाडीखालच्या खड्ड्यात उतरायची, खांदा लावायची आणि "हैय्या" म्हणून एका हिसक्यात बॉक्स वर ढकलायची. थोडा अडला तर बोल्ट आवळून ओढून घ्यायचा. जीपांचे सगळे बॉक्स असेच बसले होते. हाही हैय्या म्हणून चढला, पण इंजिन आणि बॉक्स यांच्यात बोटभर फट राहिली.

"आवळ की बे बोल्ट, येतंय आपसूक," हनुमान म्हणाला.

विलासनं पाना लावला, जरासा फिरवला आणि थांबला. ऑटोमॅटिक बॉक्सच्या तोंडाशी घागरीएवढा एक जड गोळा असतो, कन्व्हर्टर. तो नुसता दांड्यावर सरकवलेला असतो. हिसक्यात तो पुढे घसरला होता आणि आता बोल्ट आवळले असते, तर आतला तेलाचा पंप फुटला असता. मोबाइलवर हे सगळं त्यानं बघून ठेवलं होतं, पण हैय्याच्या नादात विसरला.

"खाली घ्या," तो म्हणाला.

आपण चढवलेला बॉक्स त्यानं आजवर कधी तसाच परत खाली घेतला नव्हता. माणसं एकमेकांकडे बघू लागली. तात्या फोन घेऊन रस्त्याकडे गेले. विलासला लाज वाटली, आणि वाटायलाच हवी होती. पण लाजेपायी दुसऱ्याचा पंप फोडणाऱ्यातला तो नव्हता.

त्यानं कन्व्हर्टर हातानं फिरवत फिरवत पार आत बसवला आणि तारेनं बांधला.

"आता हैय्या न्हाई. हळूहळू, सरळ. जो वरडंल त्यानं खड्ड्यातनं वर जायचं."

गप्प बसणं म्हणजे त्या माणसांना शिक्षाच. हनुमानच्या नाकावर माशी बसली, तीसुद्धा त्यानं सोसली. बॉक्स इंजिनाजवळ आला. विलासनं तार काढली, कन्व्हर्टर जागेवर आहे हे बघितलं आणि बॉक्स नुसत्या हातानं पुढे सरकवला. फट उरली नाही. बोल्ट चिमटीनं फिरले.

तेल भरून तात्यांनी पिकअप शेतातून, नाल्याच्या चढावरून फिरवून आणला. उतरले तेव्हा चेहरा खुलला होता.

तेवढ्यात गाड्या उचलून नेणारा एक मोठा ट्रक दारात थांबला. "लिंबागणेशच्या तात्यांचा पिकअप कोणता?" ड्रायव्हर म्हणाला. "बीडला न्यायचाय."

तात्या चपलेकडे बघू लागले. "तू बॉक्स खाली घेतला तवा मीच फोन केलता."

विलासला ते लागलं. मग त्यानं हनुमानला हाक मारून चहा मागवला आणि ड्रायव्हरला आपल्या हातानं नेऊन दिला. चहा पिऊन ट्रक वळला आणि रिकामाच बीडच्या रस्त्याला लागला. विलास तो दिसेनासा होईपर्यंत रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. मागून हॉर्न वाजत होते, पण त्याला बाजूला व्हावंसं वाटत नव्हतं.